दरबारात दोन प्रिन्स

दुष्ट वझीर जाफर मेला असं सगळे धरून चालले आहेत, राजकन्या सुटली आणि अकरा दिवस शहरभर प्रिन्सचा उदोउदो चालला आहे. धनदौलत नको, राजकन्येचा हात द्या, एवढंच त्याने सुलतानाकडे मागितलं आहे. मग तो दरबारात पाऊल टाकतो आणि बघतो तर अंगावर चिंध्या. राजकन्येच्या शेजारी त्याच्याच चेहऱ्याचा, त्याच्याच पोशाखातला कुणीतरी उभा. ती खऱ्या प्रिन्सकडे बघते ती दारात आलेल्या भिकाऱ्याकडे बघावं तशी. तोतया हुकूम सोडतो, पहारेकरी तलवारी उपसून धावतात, आणि आपल्या नायकाला खिडकी फोडून गच्चीवर उडी टाकण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

१९९३ साली ब्रॉडरबंड कंपनीने काढलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया २ : द शॅडो अँड द फ्लेम’ची ही सुरुवात. एखाद्या गेमच्या दुसऱ्या भागाने आपल्या पोटातली भीती पहिल्याच मिनिटाला इतकी उघड करून दाखवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. चेहरा तोच, पोशाख तोच, नावही तेच. पण जिला ओळख पटायला हवी ती म्हणते, हा कोण? दुसऱ्या भागाची सगळी अडचण हीच असते. फरक इतकाच की बाहेरच्या जगात तोतया कोण आणि खरा कोण, हे सांगणारी कथा कुणी लिहून ठेवलेली नसते.

नाटकाचा नव्या संचातला प्रयोग सुटला की बाहेर चहाच्या टपरीपाशी एक गृहस्थ हमखास भेटतात. ‘आम्ही मूळ संचात पाहिलंय,’ एवढं एक वाक्य ते टाकतात आणि वाद मिटतो. त्यांच्याशी भांडणार कसं? तो संच आता नाही, तो प्रयोग आता नाही, पुरावा फक्त त्यांच्या डोळ्यांत. गेम खेळणाऱ्यांतही असे गृहस्थ भरपूर आहेत आणि मी त्यांच्यापैकीच एक. पण गेमच्या बाबतीत एक जास्तीचा घोटाळा आहे. नाटक आपण खुर्चीत बसून पाहिलेलं असतं, गेमच्या मूळ संचात मात्र आपण स्वतः असतो. तेव्हा दुसरा भाग फिका वाटला तर तो गेमचा फिकेपणा की आपल्या बोटांचं वय, हे आधी तपासावं लागतं.

आमचा मूळ संच सांगलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमधला. चपला बाहेर काढायच्या, आत एसीचा गारवा आणि प्लॅस्टिकच्या आच्छादनांचा वास. वर्डस्टार, लोटस, डीबेस शिकवायचे. सर चहाला गेले की कुणीतरी पहिल्या ‘प्रिन्स’ची सव्वापाच इंची फ्लॉपी बाहेर काढायचं. मॉनिटर एकरंगी होता. गेममध्ये बाटल्या असतात. लाल प्यायली की जीव वाढतो, निळी प्यायली की जातो. आम्हाला सगळ्या सारख्याच दिसायच्या, त्यामुळे कुठली बाटली कुठल्या वळणावर, हे पाठ करण्याला इलाज नव्हता. पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची, तिथे बाटल्यांवर अक्षरं. मॅन्युअलमधल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ओळखा आणि ती बाटली प्या. कॉपी करून आणलेल्या फ्लॉपीबरोबर मॅन्युअल कुठून येणार? अंदाजाने प्यायचो आणि मरायचो. पुढे आतेभावाने पुण्याहून एक मंत्र आणला. गेम सुरू करताना नावापुढे ‘मेगाहिट’ असं टाइप करायचं, म्हणजे लेव्हल ओलांडून उडी मारता यायची. क्लासमध्ये त्याचं वजन एकदम वाढलं.

आम्हाला त्या गेमने काय केलं ते सांगायचं तर एका पायरीवर यावं लागेल. प्रिन्स पळत येतो, समोर खड्डा. बटण एक क्षण उशिरा दाबलं तर तो पडतो. वेळेवर दाबलं तर झेप घेतो, पण पलीकडची कड त्याच्या पायाला नाही, बोटांना लागते. तो लोंबकळतो. वर ओढून घेताना एक हात, मग कोपर, मग गुडघा. तोवर मागे पहारेकरी आलेला असतो आणि आपण खुर्चीतच वर सरकलेलो असतो. एक मजला खाली पडला तर काही होत नाही, दोन मजले पडला तर एक जीव जातो, तीन मजले पडला तर संपलं. टोकदार काट्यांवरून पळत गेलात तर आरपार. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकलंत तर त्याच काट्यांतून सुखरूप वाट. सावध चालणं हा त्या गेममधला सर्वांत धीट पराक्रम होता. त्यात डोक्यावर घड्याळ. जाफरने राजकन्येला तासाभराची मुदत दिलेली, आणि तो तास तुमच्या आमच्या मनगटावरचा खराखुरा तास.

हे शरीर आलं कुठून, ते मला खूप नंतर कळलं. ‘प्रिन्स’चा कर्ता जॉर्डन मेक्नर येलमध्ये शिकत असतानाच ‘कराटेका’ हा गेम १९८४ साली करून बसला होता. पुढचा गेम करायचा तर माणूस माणसासारखा हलला पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओवर टिपलं. पण व्हिडिओ ॲपल २ मध्ये घालणार कसा? टीव्हीवर टेप थांबवत थांबवत त्याने साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले, रोल धुवून आणले, प्रिंटवर काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृती कापून काढावी तशी रेखली, त्याच्या झेरॉक्स केल्या आणि मग ती चित्रं मशीनमध्ये चढवली. तलवारबाजीसाठी भावाचा उपयोग नव्हता. तिथे १९३८च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मधल्या शेवटच्या द्वंद्वात एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन काही क्षण अगदी बाजूने, समोरासमोर दिसतात, ते क्षण कामाला आले. संगीत वडिलांचं, फ्रान्सिस मेक्नर यांचं. एका घरातच उरकलेलं कार्य म्हणावं असा मामला. आणि तो उरकायला वर्षानुवर्षं लागली. मध्येच हा गृहस्थ पटकथा लिहायला म्हणून काम सोडून गेला होता.

या सगळ्या हलत्या चित्रांनी ॲपल २ ची तुटपुंजी मेमरी खाऊन टाकली. प्रिन्स पळत होता, लोंबकळत होता, पण मध्ये लढायला शत्रू नव्हता. कारण शत्रूची चित्रं ठेवायला जागाच नव्हती. टोमी पियर्स ही सहकारी मात्र पिच्छा सोडेना : लढाई पाहिजे, लढाई पाहिजे. तेव्हा मेक्नरने प्रिन्सचीच चित्रं घेतली, ती एका पिक्सेलने सरकवून स्वतःवरच अशी टाकली की आतला भाग खोडला जाऊन नुसती लकाकती कडा उरावी. नवीन चित्र एकही लागलं नाही आणि एक नवं पात्र पडद्यावर आलं. सावली. मग जरा मेमरी खरवडून पहारेकरीही आले, पण सावली ती सावलीच.

चौथ्या लेव्हलमध्ये वाट एका आरशाने अडवलेली असते. आरसा फुटत नाही, सरकत नाही. लांबून पळत येऊन त्यात झेप घ्यायची. प्रिन्स आरपार जातो, आणि त्याच क्षणी आरशाच्या दुसऱ्या अंगाने त्याचं प्रतिबिंब उडी मारून पळून जातं. जीव एकदम एकावर येतो. पुढच्या लेव्हलमध्ये तुम्ही धापा टाकत जिथे औषधाच्या बाटलीपाशी पोचणार, तिथे सावली आधीच पोचून ती पिऊन जाते. त्यानंतरच्या लेव्हलमध्ये तुम्ही झेप घेतलेली असताना ती समोरचं गेट पाडते आणि तुम्ही खाली. बाराव्या लेव्हलमध्ये अखेर ती समोर उभी राहते. तलवारी निघतात. तुम्ही वार केला की तुमचाच जीव कमी होतो. सांगलीत आम्ही ही सावली किती प्रकारे मारायचा प्रयत्न केला असेल! उत्तर असं की तलवार म्यान करायची. तीही करते. मग सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, आणि दोघं एक होतात. त्याच्यापुढे जिथे रिकामी पोकळी दिसत होती, तिथे पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटत जाते. आमच्यापैकी ज्याला हे पहिल्यांदा जमलं, तो काही न बोलता की-बोर्डवरून उठला आणि दुसऱ्याला जागा दिली. बाकी कुठल्याही गेममध्ये जिंकल्यावर तो टेबल बडवायचा.

मेमरी पुरली असती तर ही सावली जन्मालाच आली नसती. टंचाईने माणसं हुशार होतात वगैरे भाबडेपणा मला सांगायचा नाही. टंचाईतून भिकार गेमही हजारो निघाले. पण इथे अडचणच कथा होऊन बसली. ज्याला स्वतःशिवाय दुसरं काही परवडत नाही, त्याचा शत्रू तो स्वतःच. मशीनची मर्यादा आणि गोष्टीचा अर्थ यांत फट उरली नाही.

‘प्रिन्स’ १९८९ साली ॲपल २ वर आला तेव्हा ते मशीनच म्हातारं झालं होतं आणि सुरुवातीला विक्री यथातथाच झाली. १९९० साली डॉसवर आणि मग मिळेल त्या मशीनवर जात जात तो जगभर पसरला. म्हणजे मूळ संचाचा पहिला प्रयोगही फारसा भरला नव्हता, हे आमच्यासारख्या टपरीवरच्या गृहस्थांनी अधूनमधून आठवावं.

आता दुसरा भाग. चार वर्षं मध्ये गेलेली, यश पदरात पडलेलं, आणि साधनसामग्रीची वानवा नाही. आराखडा आणि दिग्दर्शन मेक्नरचं, पण प्रोग्रामिंग त्याने केलं नाही. ते ब्रॉडरबंडच्या चमूने केलं. पडदा रंगांनी भरला. गच्च्यांवरून पाठलाग, धक्क्यावरून सुटणाऱ्या जहाजावर उडी, वीज पडून जहाज फुटतं, मग बेट, गुहा, सांगाडे, उडता गालिचा, पडकं नगर, लाल देऊळ. पहिल्या गेममध्ये बारा लेव्हल तुम्ही एकाच किल्ल्याच्या पोटात चढत-उतरत होतात. इथे अरबी सुरस कथांचा आख्खा खजिना उपडा केला आहे. तासाच्या जागी पंचाहत्तर मिनिटं. आणि पहिल्यात एका वेळी एकच पहारेकरी भिडायचा, इथे पुढून एक, मागून एक.

तो वाईट गेम आहे असं म्हणणारे लोक मला घाईचे वाटतात. पहिली गच्ची आजही अंगावर काटा आणते, आणि दोन्ही बाजूंनी घेरल्यावर प्रिन्सला गर्रकन वळवून लढण्यात जी धांदल उडते ती पहिल्या गेममध्ये नव्हती. गुहेतला सांगाडा हाडं गोळा करून उभा राहतो, तेव्हा जुना प्रिन्स क्षणभर परत भेटतो. पण सावलीचं काय झालं बघा. इथे सावली प्रिन्सच्या देहातून मुद्दाम बाहेर काढावी लागते, कारण शेवटी एक निळी ज्योत असते, ती तिलाच उचलता येते, आणि त्या ज्योतीनेच तोतयाच्या रूपात परतलेला जाफर जळतो. कल्पना भव्य आहे, नावातसुद्धा आहे. फक्त ती आता हत्यार झाली. पहिल्या गेममध्ये सावलीपाशी हत्यार खाली ठेवावं लागायचं. शिवाय देहातून ती काढायची कशी याचा धड सुगावा गेम देत नाही. कुणीतरी सांगितलं तरच कळावं. आरशापुढे उभं राहिलं की उडी मारावीशी वाटायची, तसं इथे काहीच आपणहून सुचत नाही. मोठा पैसा आणि मोकळी जागा मिळाल्यावर त्यांनी पहिल्या गेममधलं सगळं वाढवलं, पण अडवणारं काही उरलं नाही तेव्हा सावलीलाही नुसतं काम नेमून दिलं गेलं.

माझं मत याच एका गोष्टीवर येऊन ठरतं. पुढचा भाग आधीच्याच्या तोडीचा आहे का, हे चेहऱ्यावरून आणि पोशाखावरून बघू नये. त्याने स्वतःसाठी एखादी खरी अडचण मान्य केली का, आणि ती अडचण गोष्टीत मुरवली का, एवढं बघावं. या कसोटीवर ‘प्रिन्स २’ हा देखणा वारस आहे, आणि खरा दुसरा भाग दहा वर्षांनी आला. मधल्या १९९९च्या त्रिमितीतल्या प्रिन्सबद्दल बोलून कुणाचा वेळ घालवत नाही.

‘द सँड्स ऑफ टाइम’ २००३ साली युबिसॉफ्टच्या माँट्रियलच्या स्टुडिओत झाला. पॅत्रिस देझिले याच्या चमूने तो केला आणि गोष्ट लिहायला मेक्नरला बोलावलं. सुरुवात हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावर पर्शियन फौज चालून येते तिथून. प्रिन्स तिथला खंजीर लुटतो, एक अजस्र वाळूचं घड्याळ लुटीत मिळतं, आणि महाराजाची मुलगी फराह कैदेत जाते. वझीर फशी पाडतो, घड्याळ उघडतं, वाळू सुटते आणि जो तो राक्षस होतो. पहिल्या गेममधली राजकन्या बुरुजात बसून वाट पाहायची, फार तर उंदीर पाठवून गेट उघडून द्यायची. फराह धनुष्य घेऊन बरोबर चालते, टोमणे मारते आणि प्रिन्सवर तिचा विश्वास नाही, तो का नाही हे तिला चांगलं माहीत आहे.

माझ्या भाच्याने हा गेम आधी खेळला आणि मूळ ‘प्रिन्स’ मी त्याला नंतर दाखवला, आता तो ब्राउझरमध्येही खेळता येतो. त्याची पहिली तक्रार :

“मामा, हा लगेच वळत का नाही?”

“पळत होता ना. पाय थांबायला वेळ लागणार.”

“पण मी बटण सोडलं की!”

दुसरी तक्रार तो खड्ड्यात पडल्यावर आली. “आता मागे कसं घ्यायचं?”

मागे घेता येत नाही, हे त्याला खरंच पटत नव्हतं. कारण ‘सँड्स ऑफ टाइम’ची जान तीच. खंजिरात वाळू असते, बटण दाबून धरलं की काळ उलटा वाहतो, कोसळलेला प्रिन्स हवेतून परत कड्यावर येऊन उभा. आणि वाळू संपल्यावर मेलाच, तर निवेदन करणारा प्रिन्स स्वतःला सावरून म्हणतो की छे, असं काही घडलं नव्हतं. म्हणजे आपलं मरण हे गोष्ट सांगणाऱ्याची जीभ घसरण्याइतकंच. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी यावर नाकं मुरडली. पडण्याची भीती गेली तर प्रिन्स उरला कुठे?

मला वाटतं ते शेवटच्या मनोऱ्यापर्यंत पोचले नसावेत. तिथे फराह खंजीर घेऊन निघून गेलेली असते. इतके तास ज्या बटणावर बोट टेकलेलं होतं ते बटण आता मुकं. मनोरा उंच, कडा अरुंद, खांबावरून खांबावर झेपा, आणि चुकलात की चुकलात. बोट सवयीने बटणाकडे जातं आणि पडणारा प्रिन्स पडतच राहतो. जी गोष्ट गेमने उदार हाताने दिली होती ती काढून घेऊन त्याने तुम्हाला १९८९ मध्ये नेऊन ठेवलं आहे. जुन्या गेमचं एकही चित्र, एकही फरशी तिथे नाही, तरी तो खड्डा तोच आहे. ज्या चमूकडे मेमरीही होती आणि माणसंही, त्याने आपली टंचाई स्वतः निर्माण केली, आणि ती थेट गोष्टीतल्या विश्वासघाताच्या जागी बसवली. आणि अखेर प्रिन्स काळ इतका मागे नेतो की राजवाड्यावरचा हल्ला अजून झालेलाच नाही. तो फराहच्या दालनात शिरतो, तिला सगळी हकिगत सांगतो. आपण इतका वेळ ऐकत होतो ती हकिगत हीच. तिला यातलं काहीही आठवत नाही, आठवण्यासारखं तिच्या बाजूला घडलेलंच नाही. १९९३ मध्ये राजकन्येने ओळखलं नाही ते जाफरच्या जादूने. इथे ओळख मिटवणारा प्रिन्स स्वतः आहे आणि तिला वाचवायची किंमत म्हणून ती मिटवतो.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं, असं म्हणण्याचा मोह होतो. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, ‘वॉरियर विदिन’ आला. मला त्याचा राग यायचा, आणि बराचसा अजूनही येतो. लाघवी, थोडा शिष्ट, थोडा बावळट असा तो प्रिन्स दात-ओठ खाणारा, तोंडाळ झाला. रक्त उडू लागलं, मागे इलेक्ट्रिक गिटारी किंचाळू लागल्या. मेक्नर या भागात नव्हता, आणि त्याची धाटणी आपल्याला रुचली नाही हे मेक्नरने पुढे जाहीरपणे सांगितलं. पण एक गोष्ट मी या गेमच्या पदरात टाकतो. काळाशी खेळलास, आता त्याची भरपाई कर, म्हणून दहाका नावाचा एक काळा राक्षस प्रिन्सच्या मागे लागतो, आणि त्याच्यापुढून पळताना पडद्याचा रंग उडतो तेव्हा घसा कोरडा पडतो. आधीच्या गेमच्या शेवटाची ही जबाबदारी कुणीतरी घ्यायलाच हवी होती. म्हणजे गणित बरोबर मांडलं, माणूस मात्र दुसराच आणून उभा केला. दरबारातला तोतया म्हणतात तो हा, निदान माझ्या लेखी. भाच्याला तो आवडतो. लढाईची मजा यात जास्त आहे असं तो म्हणतो, आणि तसं म्हणणारे पुष्कळ आहेत.

गंमत अशी की चेहरा अजिबात न जुळणारा एक वारसही याच घरात निघाला. पुढचा ‘प्रिन्स’ करायचा म्हणून देझिलेच्या चमूने काम सुरू केलं, त्यात प्रिन्स बाजूला पडून त्याचं रक्षण करणारा मारेकरीच नायक होत गेला. प्रिन्सच्या गेममध्ये प्रिन्सच नायक नाही, हे कंपनीला मानवेना. मग नावच बदललं, आणि २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ आला. भिंतींना चिकटत, कडांना लोंबकळत चढणारं ते शरीर पाहताना पार्किंगमध्ये उड्या मारणारा तो पांढऱ्या कपड्यातला मुलगा मला दिसतो. नाव सोडून दिल्याने त्याला ओळख पटवून द्यायची गरजच राहिली नाही.

२०२० च्या सप्टेंबरात ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने घडवण्याची घोषणा झाली तेव्हा आमच्या जुन्या क्लासमधल्या लोकांचे फोन खणखणले, कारण काम युबिसॉफ्टच्या पुण्याच्या आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. महाराजाच्या राजवाड्यावर चालून येणारी गोष्ट पुण्यात येऊन पोचली! मग झलक आली आणि जगभरातून टीका झाली : चेहरे मेणाचे, प्रकाश सपाट, हा गेम आजचा वाटत नाही. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि २०२२ च्या मे महिन्यात ते काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवल्याचं जाहीर झालं. त्या झलकीत मलाही फार काही दिसलं नव्हतं. पण ज्यांनी शिव्या घातल्या त्यांतल्या कितीकांनी २००३ चा गेम तेव्हाच्या जाड मॉनिटरवर पाहिला होता आणि कितीकांनी आठवणीत रंगवून ठेवला होता, हे कोण सांगणार? आठवणीशी तुलना झाली की कुठलाही चेहरा मेणाचाच. नवा भाग काढणाऱ्याला निदान नवीन गोष्टीची ढाल असते. जुनंच पुन्हा घडवणाऱ्याला तीही नाही.

मूळ ॲपल २ च्या प्रोग्रामचा कोड कित्येक वर्षं हरवलेला होता. २०१२ साली मेक्नरच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचा खोका सापडला, जाणकारांनी त्या फ्लॉप्या काळजीपूर्वक वाचून काढल्या आणि कोड सगळ्यांसाठी खुला झाला. तेव्हापासून हौशी लोक जुन्या, ‘प्रिन्स’ कधी न पाहिलेल्या मशीनवर तो बसवत आहेत. त्यांना पुढचा भाग काढायचा नाही. मला हे लोक आवडतात, पण त्यांच्या वाटेने मी फार लांब जाऊ शकत नाही. माझं मन पुढच्या गोष्टीकडे ओढतं.

कारण १९९३च्या गेमचा एक हिशेब अजून बाकी आहे. अखेर जाफर जळतो, राजकन्या बरी होते, सगळं आनंदाने पार पडतं, आणि मग दिसतं की हे सगळं एक म्हातारी चेटकीण काचेच्या गोळ्यात बघत बसली आहे. ती कोण, तिचं यांच्याशी काय वैर, काही नाही. तिथे पडदा पडतो. पुढचा भाग याच दोरीला धरून येणार हे उघड होतं, पण १९९९ आला, २००३ आला, २०२४ साली ‘द लॉस्ट क्राउन’ही आला, आणि म्हातारीला कुणी विचारलं नाही. मी भाच्याला ही हकिगत सांगितली. त्याने मूळ प्रिन्सची सहावी लेव्हल चालू ठेवून, मान न वळवता विचारलं,

“मग मामा, तिच्यावरच काढायचा ना गेम. ती बसून बघते, आणि आपण तिला चुकवायचं.”

“चुकवायचं कसं? तिला सगळंच दिसतं.”

“तेच तर!” तो म्हणाला, आणि गेट पडून पुन्हा खाली गेला.